पान दोनशे एक्केचाळीस

पाहुण्याने कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढलं, उलटं फिरवलं आणि शेवटच्या पानापासून चाळायला सुरुवात केली.

"मी पुस्तक नेहमी मागून वाचतो," तो मालकांना म्हणाला. "आधी सूची बघायची. लेखकाच्या पोटात काय आहे ते दोन मिनिटांत कळतं."

मालक हसले. ते हसू ऐकून कोपऱ्यातल्या टेबलावरच्या सूचीकार बाईंनी मान वर केली. बत्तीस वर्षांत या प्रकाशनगृहात त्यांनी मालकांचं असलं हसू दोनदाच ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानंतर मालक आठवडाभर नीट जेवले नव्हते.

पाहुणा कुठल्यातरी कार्यालयातून आला होता. कुठल्या, ते त्याने सांगितलं नाही आणि मालकांनी विचारायची हिंमत केली नाही. माणूस मोठा सभ्य. खुर्चीसुद्धा आवाज न करता मागे सरकवली. त्याला नदीखोऱ्याचं नवं पुस्तक हवं होतं. पुस्तक साधंसुधं नव्हतं, लेखकाने आठ वर्षं खपून खोऱ्याचा इतिहास, तिथलं राजकारण, नदी, झाडं, पाखरं, सगळं त्यात एकत्र बांधलं होतं.

"पहिली प्रत चारपर्यंत शिवून येईल," मालक म्हणाले.

"मग चारला येतो," पाहुणा म्हणाला, आणि जाता जाता बाईंनाही मान लववून गेला.

'आधी सूची बघायची' हे त्याचं वाक्य बाईंच्या डोक्यातून जाईना. का जाईना ते त्यांनाही आधी कळेना. मग त्यांनी लाकडी पेटीतली सूचीची कार्डं पुढे ओढली आणि 'म'पाशी आल्या.

*मोजणी, वळणावरची: ८८, २४१.*

बाईंनी प्रुफातली ती दोन्ही पानं उघडली.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर बगळेमामा होता. नदीच्या वळणावर रोज पहाटे बगळे मोजणारा एकटा माणूस, बावीस वर्षांच्या वह्या बाळगणारा. त्या वह्यांत एकाच दिवशी मोजणी अर्धी राहिली आहे, असं लेखकाने कौतुकाने लिहिलं होतं. दोनशे एक्केचाळीसावं पान राजकारणाच्या भागातलं. बारा वर्षांपूर्वी खाणीला विरोध करणारे सतरा जण बेपत्ता झाले, त्या पहाटे वळणावर तीन लॉऱ्या आल्या, पोती उतरली. हे कुणी पाहिलं? तिथे लेखकाने तोंड शिवून घेतलं होतं. एवढंच लिहिलं होतं की वळणावर रोजची मोजणी चालू होती, ती लॉऱ्यांमुळे अर्धी राहिली. कसली मोजणी, कुणाची, एक अक्षर नाही. दोन पानांमध्ये दीडशे पानांचं अंतर. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

बाईंना कळलं होतं. लेखकाने विखरून ठेवलेलं एका ओळीत आणायचं, हेच तर त्यांचं काम. ही ओळ जमली त्या दिवशी त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली होती. पाखरांची नावं तपासायला त्या मामाला फोन करायच्या, तेव्हा विचारलंही होतं, "मामा, अर्धी राहिलेली मोजणी ती हीच का?"  तो म्हणाला होता, "ताई, तुम्ही फार बारीक वाचता." आणि त्या खुळ्यासारख्या खूश झाल्या होत्या!

त्यांनी फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला.

"ताई! आज एकोणसाठ!" मामा पलीकडून ओरडला. "दोन पिल्लं धरून."

"मामा, थोडे दिवस बहिणीकडे जाऊन येता का?"

"आणि मोजणार कोण? तुम्ही येताय?" तो हसला. मग हसायचा थांबला. "काय झालं, ताई?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. फोनवर यापेक्षा जास्त बोलायची त्यांना भीती वाटली.

सूचीचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा गठ्ठा, छापून तयार होता, पण अजून शिवला नव्हता. तेवढं एक नशीब. नुसता दोनशे एक्केचाळीस खोडून भागणार नव्हतं. ते पान वाचून कुणी 'मोजणी' शोधायला मागे आला, तर सरळ अठ्ठ्याऐंशीवर पोचला असता. त्या मोजणीला दुसरा धनी हवा होता. बाईंनी कार्डं भराभरा उलटली, आणि एकशे बाराव्या पानावर सापडला. शाळेतले मास्तर. त्याच वळणाजवळ रोज सकाळी पाऊस मोजायचे, तोही हौसेने. नऊ वर्षांपूर्वी वारले. मेलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार?

त्यांनी नवं कार्ड लिहिलं. *मोजणी, पावसाची, मास्तरांची: ११२, २४१.* बगळे नुसते 'ब'खाली ठेवले. बत्तीस वर्षांत जाणूनबुजून लिहिलेली ही पहिली खोटी नोंद. 

खाली छापखान्यात फोरमनकाकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुमच्या सूचीत चूक? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!"

"चेष्टा नको, काका. हे एक पान नव्याने छापा. जुनी सगळी माझ्या डोळ्यांदेखत फाडा."

"मालकांना विचारलंत?"

"काका, मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

काकांनी त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं. यंत्र धडधडू लागलं. बाई तिथेच स्टुलावर बसून जुनी पानं फाडत राहिल्या, चार तुकडे, आठ तुकडे, सोळा. पावणेचारला पहिली प्रत हातात आली तेव्हा तिच्या डिंकाचा ओलसर वास येत होता.

पाहुणा ठरल्या वेळी आला. पुस्तक उलटं फिरवलं, सूची काढली आणि तर्जनी ओळींवरून खाली आणू लागला. बाई प्रूफ वाचत असल्याचं सोंग करत होत्या. डोळ्यांपुढे अक्षर उमटत नव्हतं.

आधी तो 'ल'वर गेला. लॉऱ्या. तिथून दोनशे एक्केचाळीसावं पान. ते त्याने सावकाश, दोनदा वाचलं. मग तिथे एक बोट अडकवून तो 'म'कडे परतला.

"मोजणी, पावसाची," तो पुटपुटला. "हे मास्तर कुठे असतात?"

"वारले हो ते," मालक घाईघाईने म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

"अरेरे," पाहुणा म्हणाला.

बाईंनी प्रुफाचं पान उलटलं. सुटलो, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. मामा उद्याही बगळे मोजेल, परवाही मोजेल.

पाहुण्याने मात्र पुस्तक मिटलं नव्हतं. त्याची तर्जनी एकेक ओळ खाली सरकत होती. मोती-शिंपले. मोहाची झाडं. मोहोळं. मग त्याने सूची एक पान मागे उलटली आणि ती 'न'पाशी येऊन थांबली.

"नोंदवह्या, पावसाच्या, मास्तरांच्या मुलीकडे," त्याने वाचलं. "एकशे शहाण्णव."

 ते कार्ड बाईंनीच लिहिलं होतं, तीन महिन्यांपूर्वी, नीट, शाई वाळू देऊन. सकाळच्या गडबडीत मुलीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"तिथे चूक आहे," त्या एकदम म्हणाल्या. आवाज चिरका आला. "तो आकडा चुकलाय."

पाहुण्याने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुमच्या सूचीत आजवर आकडा चुकलेला नाही, असं हे सकाळी सांगत होते."

"नाही चुकत," मालक हौसेने म्हणाले. बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बाईंचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

पाहुण्याने एकशे शहाण्णवावं पान उघडलं. आकडा बरोबर होता. त्याने परिच्छेद शेवटपर्यंत वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि समासात एक बारीक खूण केली.

"ताई," तो वर न बघता म्हणाला, "हे मुलीचं घर वळणाच्या अलीकडे आहे, की पलीकडे?"