चार बोटांची फट

मी एक जुना पूल आहे, मित्रांनो, आणि कोणी माझ्याकडे फार मायेने पाहू लागलं की मला आधी त्याचा संशय येतो.

दगडाचे पाच खांब, वर लोखंडी तुळया, असा माझा बांधा. बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा माझं चित्र असतं. नाव झालं की थापाही मागोमाग येतात. म्हणे, माझ्या तिसऱ्या खांबात एक मजूर जिवंत चिणला आहे! तिथे दगड, चुना आणि एका पाथरवटाचा विसरलेला पेला आहे, बस्स. म्हणे, मी कोसळणार नाही हे दाखवायला मला बांधणारा साहेब पहिल्या दिवशी माझ्याखाली नावेत उभा राहिला. साहेब त्या दिवशी दाढ धरून घरी पडला होता. या गप्पांनी माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फटीवरून.

मधोमध माझ्या दोन तुळयांच्या टोकांत चार बोटांची फट होती. उन्हात लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा हवी, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली. एक वंगणवाला दर आठवड्याला तिच्यातले खडे काढी, तुळया ज्यांवर सरकतात त्या खालच्या रोलरांना वंगण लावी आणि बोटं घालून रुंदी पाही. तो थकून घरी बसला. त्याच्या जागी कोणाला नेमलं नाही. मग ती फट लोकांच्या डोळ्यांवर आली.

"अगं बाई, पूल फाटलाय!" भाजीची पिशवी घेऊन जाणारी एक बाई म्हणाली.

"फाटणारच, वहिनी. माणूस गाडलाय ना खाली," तिचा दीर म्हणाला.

ऐन थंडीत एक गवंडी आला. कठड्यावर हात फिरवत म्हणाला, "म्हातारबा, आता काळजी नको." मला तेव्हाच शंका आली. त्याने ती फट सिमेंटने गच्च भरली. लोकांनी त्याची पाठ थोपटली.

उन्हाळा आला. मी वाढलो, पण सरकणार कुठे? एका दुपारी कठड्याचे दगड तडकन फुटले. झालं! पूल मोडकळीला आला, पाडा, असं ठरत आलं. दोन्ही टोकांना अडसर लागले.

मग हातोडी घेऊन एक इंजिनीअरबाई आली. ठिकठिकाणी ठोकून खडूने खुणा करू लागली. या पाडायच्या खुणा, मी ओळखलं. मागून काठी टेकत वंगणवाला आला. वाटलं, हाही शेवटचं बघायला आला.

तो खाली बसला, सवयीने बोटं घालायला गेला. बोटं सिमेंटवर आपटली.

"हे कुणी केलं?"

"मी, काका," बघ्यांतला गवंडी पुढे झाला. "भेग बुजवली. पदरचं सिमेंट घातलं."

"शाबास! माणूस घोरतो म्हणून त्याचं नाक बुजवलंस."

इंजिनीअरबाईची हातोडी थांबली. "काका, कठडा यामुळे फुटला?"

"थंडीत इथं चार बोटं मावायची, बाई. कडक उन्हात एकच. ती तीन बोटं जाणार कुठं?"

तिने खिशातला कागद काढला. "यावर आज सही करणार होते मी, पाडायला हरकत नाही म्हणून." कागद पुन्हा खिशात गेला. "आधी सिमेंट काढा. मग नव्याने तपासते."

गवंड्याने मान खाली घालून स्वतःच छिन्नी धरली. तपासणी आठवडाभर चालली. खांब धड, तुळया धड. कठडा तेवढा नवा बसला आणि अडसर निघाले. आता लोक सांगतात, गवंड्याने त्या चिणलेल्या मजुराला वाट करून दिली!

मित्रांनो, जुन्या वस्तूत रिकामी जागा दिसली, तर बुजवण्याआधी तिची निगा राखणाऱ्याला एकदा विचारा.

हल्ली दर आठवड्याला तो गवंडीच येतो. खडे काढतो, बोटं घालून पाहतो. त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे, ते मी आधी बघून घेतो. वंगणाचा डबा असतो. तरी बघतो.