काचेच्या तारेची साक्ष

आमच्या ह्यांना संशय यायला कारण लागत नाही, पण या वेळी कारण होतं. अंथुर्ण्यात कालव्याच्या कडेला आमचा ऊस. पाण्याची पाळी लांबली की हे, म्हणजे दत्तोबा, कालव्याचा भराव उकरून पाइप टाकतात. चोरीच ती, पण आमच्याकडे तिला 'पाणी आणणं' म्हणतात. आजवर कुणी पकडलं नव्हतं. यंदा मात्र कुदळ मारायचा अवकाश, पाटबंधाऱ्याची जीप हजर! दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा मदतीला एकटा रावजी होता.

रावजी आमचा सावडीचा माणूस. आमच्या उसाची लागण त्यानं करायची, त्याच्या उसाची आम्ही. पोरपणापासूनची दोस्ती.

"त्यानंच फोन केला," हे जेवता जेवता म्हणाले.

"घाम गाळून खणू लागायचं आन् वर फोनबी करायचा? येडा हाय का त्यो?"

"मग दुसरं कुणाला ठावं हुतं, सांग की!"

ह्यांनी हट्टच धरला आणि चार माणसांदेखत रावजीला खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलायला लावला. रावजी भंडारा उचलून म्हणाला, "म्या फोन केला आसंल तर माझ्या लेकरांचं वाटोळं हुईल." त्याची बायको रंगूबाई पदरात तोंड घालून रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यावर तरी माणसानं थांबावं की नाही? घरी येताना हे म्हणतात, "आताशा भंडाऱ्याला कोण भितंय?"

रावजीशी बोलणं तुटलं, सावडही तुटली.

पुढच्या खेपेला हे एकटेच गेले, भर दुपारी. मला म्हणाले, शेळ्या बघून येतो. तरी जीप आलीच. घरी आले ते माझ्याकडे टक लावून.

"कुणाला बोललीस?"

"तुमी कालव्यावर गेलाय ह्येच मला ठावं न्हवतं!" मी ओरडले. बायकोवरही संशय! हसावं की रडावं, कळेना.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला जीपमधून श्रेया नावाची एक मुलगी आली. बारामतीत इंजिनिअर आहे म्हणे. मी तिला सरळच विचारलं, फोन कोण करतं?

"कुणीच नाही, काकू. भरावात काचेची तार पुरलीय, केसासारखी बारीक. बारामतीहून तिच्यात उजेड सोडतो. त्यातला थोडा थोडा वाटेतूनच माघारी येतो. वर कुदळ बसली की तार थरथरते, माघारी येणारा उजेड बदलतो, आणि कुठं खणताय ते आम्हाला पडद्यावर दिसतं. यंदाच सुरू केलंय, करून बघतोय."

ह्यांचा विश्वास कसला बसतोय! मग तिनंच भरावावर कुदळ मारायला सांगितली. ह्यांनी मारली, आणि थोड्याच वेळात तिच्या मोबाइलवर खूण उमटली. हे दहा पावलं पुढे गेले, तिथं मारली. खूणही पुढे सरकली. मग कुदळ टाकून हे मातीच्या पायांनी तसेच रावजीच्या रानाकडे निघाले. मी मागोमाग.

रावजी सरीत उसाच्या कांड्या मांडत होता.

"रावजी, तू न्हाईस रं! तार हाय, तार! म्या सोता बघितलं," हे लांबूनच ओरडले. तोंडभर हसू.

रावजीनं हातातली कांडी खाली ठेवली. "या दत्तोबाराव, बसा," म्हणाला. जन्मभर 'दत्त्या' म्हणणारा माणूस! ह्यांना काही कळलं नव्हतं.

"चुकलं गड्या माझं. उद्यापासनं लागणीला येतो तुझ्या."

"म्या देवाचा भंडारा उचलला, लेकरांची आण घेतली, तवा तुमाला पटलं न्हाय," रावजी सावकाश म्हणाला. "तारंनं सांगितलं, तवा पटलं. आता सावडबी तिच्यासंगंच करा."