क्रूसापुढची रांग

आमच्या लोमा आसुल गावात रांग डोळ्यांना दिसत नाही. सकाळी सात वाजता पावाच्या दुकानासमोर बघाल, तर एक जण आंब्याखाली पेंगतोय, चौघं डॉमिनो आपटतायत, दोन बायका पलीकडच्या कट्ट्यावर कोणाच्या तरी सुनेची उजळणी करतायत. दुकानाच्या दाराशी चिटपाखरू नाही. पण रांग आहे, आणि पक्की आहे. येणाऱ्याने यायचं, मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" कुठूनतरी एक हात वर होतो. तो हात ध्यानात ठेवला की तुमची जागा झाली. मग सावलीत बसा, घरी जाऊन कॉफी पिऊन या. मागून कोणी विचारलं की "मी" म्हणायचं, एवढंच काम. आणि कोणी म्हणालं, "मी जरा जाऊन येते, माझी जागा धरा हो," तर धरायची. त्याला नाही म्हणणारा माणूस आमच्या डोंगरात अजून जन्माला यायचाय.

इंगेबोर्गबाईंना हे कोण सांगणार? त्या नॉर्वेच्या. तिथल्या कुठल्याशा बेटावर तीस वर्षं घरोघरी टपाल वाटून निवृत्त झालेल्या. आमची पुढची खोली आम्ही पाहुण्यांना देतो, तिथे त्या दोन आठवड्यांसाठी उतरल्या होत्या. आमची भाषा त्यांना येत होती, हळूहळू बोलायच्या, पण नेमकं बोलायच्या. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, पाव मी आणते. गेल्या, दाराशी कोणी नाही बघून सरळ आत शिरल्या. मागून अकरा माणसं एका सुरात ओरडली.

"अहो बाई," आंब्याखालून बाल्दोमेरो म्हणाला, "आम्ही काय इथे मोहोर म्हणून लागलोय का?"

बाई बिटासारख्या लाल झाल्या. पण माणूस शिकणारा. पुन्हा बाहेर आल्या, रीत विचारून घेतली, आणि मग काय विचारता! बसऐवजी येणाऱ्या ट्रकवर चढताना, कॉफीच्या टपरीवर, सगळीकडे, "शेवटचं कोण?" चौथ्या दिवशी आमच्या न्हाणीघराबाहेर उभं राहून त्यांनी हेच विचारलं, तेव्हा माझी बायको झोराइदा हसून हसून खाली बसली.

पुढच्याच आठवड्यात तीन मे होती. त्या दिवशी आमच्याकडे पवित्र क्रूसाचा उत्सव असतो. एका घरात सात पायऱ्यांची मांडणी करतात, खाली खोकी आणि जुन्या फळ्या, वर पांढऱ्या चादरी. माथ्यावर क्रूस. काळा पडलेला, हातभर लाकडी तुकडा, पण गावाने त्याच्यासमोर चार पिढ्या गाऊन घेतल्या आहेत. वाद्य नाही, काही नाही, नुसता गळा. दोन बाजूंना दोन मेळे, पुढे एकेक गाणारा, मागे झील धरणारे. एका मेळ्याचा म्होरक्या बाल्दोमेरो. दुसऱ्याचा मी, एलेउतेरियो, पण एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. तेयो म्हणतात.

क्रूसाच्या पायाशी एक लाल जास्वंद ठेवतात. उत्सव संपायच्या आत जो ते फूल उचलेल, त्याच्या घरी पुढच्या वर्षीचा क्रूस, आणि गावजेवणही. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नऊ वर्षं कोणी ते फूल उचललं नव्हतं. कोणी उचललं नाही की क्रूस राहतो तिथेच, म्हणजे एमेलिनामावशींकडे. कारणं सगळ्यांकडे होती. डुकराचं मांस मिळत नाही, साखर पुरत नाही, पोरं परदेशी गेली, कंबर धरली. त्या दिवशी अख्ख्या गावाचे हात पाठीमागे नाहीतर खिशात. नमस्कार लांबूनच. मी स्वतः पायऱ्यांपासून मोजून तीन पावलांवर उभा राहून गायचो. देवाचं नाव गळ्यात आणि भीती हातात, अशी माझी भक्ती.

आदल्या गुरुवारी मावशी चादरी मागायला आल्या. वय एक्क्याऐंशी, काठी हातात, पण बोलणं टणक.

"तेयो, चादरी दे. आणि ऐक. यंदाही फूल तसंच राहिलं, तर क्रूस मी खालच्या शहरातल्या चर्चमध्ये देऊन टाकणार. गुडघे म्हणतायत, पुरे."

"असं नका म्हणू मावशी. गावचा क्रूस गावात हवा."

"मग उचल तू."

"घर लहान आहे हो आमचं."

मावशींनी काठीने माझ्या दाराची चौकट ठोकून पाहिली. "क्रूस आडवा नेला तरी आत जाईल रे. तुझं मन किती रुंद आहे ते बघ."

मी लगबगीने चादरी आणून दिल्या. दोनाऐवजी तीन दिल्या. पाप कुठेतरी फेडावं लागतं.

तीन तारखेला चार वाजताच सुरुवात केली, कारण सातला वीज जाते आणि मग पंखेही झील धरत नाहीत. मावशींचं घर भरून गेलं. बाजूच्या खोलीत रानातली मुळं उकळून केलेलं गार सरबत, नारळाची बर्फी, भात आणि काळे घेवडे. इंगेबोर्गबाई पहिल्या ओळीत, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसल्यासारख्या. मावशींनी डोळे मिटले आणि आरंभ केला:

"पायरी पायरीने चढतो माझा भार,
दोन्ही हात पसरून तूच माझं दार."

त्यांचा आवाज आता चिरकतो. पण त्या ओळीवर दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो, यंदाही आला. हा आवाज पुढच्या वर्षी इथे नसेल, हे मनात आलं आणि माझी पहिली ओळ चुकली.

बाल्दोमेरो सोडतो थोडाच! त्याने लगेच पद टाकलं:

"तेयोचा गळा मोठा, घर मात्र चिमणं,
गाण्यात घालतो पंगत, ताटात नाही जेवण!"

घर हसलं. मी पुढे सरसावलो. म्हणजे तीन पावलं राखूनच.

"बाल्दोमेरोच्या वाड्याला खोल्या आहेत सात,
फुलाजवळ जाताना खिशात जातो हात!"

आता तर मावशीसुद्धा हसल्या. गाणं देवाचं आणि त्यात खोड्या माणसांच्या, हे आमच्याकडे चालतं. देव काही कान झाकून बसत नाही, त्यालाही वर्षातून एकदा हसावंसं वाटत असेल. पद पदावर चढत गेलं, मेळे तापले, बायका टाळ्या देऊ लागल्या.

उकाड्याने वरच्या पायरीवरची एक मेणबत्ती मऊ पडली होती. ती वाकत वाकत जास्वंदीच्या दिशेने कलली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. खरं सांगतो, सगळ्यांनी. आणि एकाचाही हात पुढे झाला नाही. पाकळीचं टोक आक्रसायला लागलं.

इंगेबोर्गबाई उठल्या, दोन ढांगांत पुढे गेल्या, एका हाताने मेणबत्ती सरळ केली आणि दुसऱ्या हाताने फूल उचललं.

दोन्ही मेळे अर्ध्या ओळीत थांबले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "मी काही बिघडवलं का? ते जळत होतं."

झोराइदा त्यांच्याजवळ गेली आणि हळू आवाजात तिने त्यांना फुलाची रीत सांगितली. बाल्दोमेरोला मात्र राहवलं नाही. "अहो, चांगलंच झालं! क्रूसाला नॉर्वेला न्या. बर्फात बसवा. मी लोकरीचं टोपडं विणून देतो."

हशा झाला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदरासारख्या लांब ओढणीला पुसला.

"ठेवा बाई ते परत. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून हे मोजायचं नाही. तुमचं मन चांगलं आहे. गावाचे हातच आखडलेत, त्याला तुम्ही काय करणार?" मग क्रूसाकडे बघून म्हणाल्या, "सोमवारी तुला शहरात नेते हं. तिथे छप्पर गळत नाही."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की माझे डोळे जमिनीवरून वर होईनात.

बाईंनी फूल ठेवलं नाही. दोन्ही हातांत धरून त्या विचार करत उभ्या राहिल्या. कुठल्याशा घराचं पत्र हाती आलंय आणि दार सापडत नाहीये, असा चेहरा. मग म्हणाल्या,

"मावशी, तुमच्या मागे कोणी नाही?"

"कोणी नाही."

"म्हणजे शेवटच्या तुम्ही."

"मीच."

"मग तुमच्या मागे मी." आणि त्या आमच्याकडे वळल्या. "मंगळवारी मला जायचंय. पुढच्या मे महिन्यात मी येते, विमानाचं तिकीट आजच बघते. पण तोवर वर्ष आहे. माझी जागा कोण धरतं?"

बाल्दोमेरोचे हात आपोआप खिशातून बाहेर आले. आंब्याखाली पेंगणारा, डॉमिनोवाले, कट्ट्यावरच्या बायका, सगळे तिथेच होते आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. फूल उचला म्हटलं असतं तर नाही म्हणायला शंभर कारणं होती. पण रांगेतली जागा धरा म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? तेही पाहुणीला? तेही क्रूसासमोर?

मी ती तीन पावलं टाकली. नऊ वर्षांत एवढं लांब चाललो नव्हतो.

"मी धरतो," मी म्हणालो. "बाई माझ्याकडेच उतरल्यात. क्रूसही उतरेल."

"तेयो!" झोराइदा ओरडली. "कुठे? पलंग कुठे जाईल?"

"अंगणात."

"आणि आपण?"

"पलंगावर."

एवढं हसू उसळलं की मेणबत्त्या थरथरल्या. झोराइदाने माझ्या दंडाला चिमटा काढला, पण डोळे पुसत काढला. त्यावरून समजलो की पसंत आहे.

आता बाल्दोमेरोची गंमत बघा. सात खोल्यांचा माणूस, गाण्यात कधी मागे न राहिलेला, त्याला तेयो पुढे गेलेला कसा सोसेल? छाती काढून म्हणाला, "मग तेयोच्या मागे मी! आणि माझ्याकडे जेवण ताटात मिळेल, ओळीत नाही."

"तुमच्या मागे मी," कट्ट्यावरची फिदेलिना म्हणाली, "पण डुक्कर तुम्ही द्यायचं."

"देईन. शेपटी तुझी."

"बाल्दोमेरो, शेपटीवरच बोलायचं तर नऊ वर्षं घातलेली तुमची आधी बाहेर काढा!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि हात वर होऊ लागले. न्हाव्याने जागा घेतली. पावाच्या दुकानदाराने घेतली, वर म्हणाला, माझ्याकडे आत यायला रांग लावावी लागणार नाही. ट्रकवाल्याने घेतली, पण क्रूस ट्रकवर मांडायची परवानगी मागितली, ती मावशींनी दिली. शाळेच्या मास्तरीणबाई आल्या. शेवटी डॉमिनोतला लंगडा ओविदियो उठला, "माझ्याकडे पायऱ्या चारच होतील, चालेल का?" सगळे म्हणाले, चालेल, उरलेल्या तीन आम्ही उभे राहून करू.

मी क्रूसाकडे बघत होतो. इतक्या वर्षांत त्याचे पसरलेले हात मला फक्त दुःखाचे वाटले होते. त्या संध्याकाळी वाटलं, हा कधीपासून हात वर करून "मी आहे" म्हणतोय, विचारायलाच कोणी आलं नाही.

इंगेबोर्गबाईंनी ती अर्धी करपलेली जास्वंद माझ्या सदऱ्याच्या खिशात खोचली. मी गळा साफ केला, बाल्दोमेरोने मान हलवली, म्हणजे यंदा पहिल्यांदाच दोन्ही मेळे एकत्र उठणार होते. तेवढ्यात एमेलिनामावशींनी काठी जमिनीवर आपटली.

"थांबा रे. शेवटचं कोण?"

ओविदियोने दचकून हात वर केला. "मी, मावशी."

"मग तुझ्या मागे मी." मावशींनी बोटांवर मोजलं, एकदा, मग पुन्हा एकदा. "नव्वदीची होईन तोवर. ठीक आहे. गुडघ्यांना तेवढी सुट्टी पुरेल. आणि तेयो, तुझी ती तिसरी चादर फाटकी निघाली. त्या वर्षी नवी दे."