गंज बसतो का, ते आधी दाखवा

काठ

मित्रांनो, मी जर्मनचा गंज आहे. जुना, आणि झाकण हरवलेला. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि मोठ्या पातेल्याला गंज, एवढंच. परदेश मी पाहिलेला नाही. नागपूरच्या एका कारखान्यात पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबली गेली आणि मी झालो. आत्मकथा जन्मापासून सांगायची रीत आहे. पण भांडं उचलताना माणूस आधी काठ धरतो, म्हणून मी काठापासून सांगतो.

माझ्या काठावर अक्षरं कोरली आहेत : ‘मंगलास सप्रेम भेट. महिला मंडळ, तिगाव.’ मंगलाच्या लग्नात तिच्या माहेरच्या विहारातल्या बायकांनी मिळून मला घेतलं. नाव टाकताना भांडेवाल्याचं यंत्र घर्रघर्र करत अंगावरून गेलं. दुखलं. पण त्या नावामुळेच मी आजवर टिकलो. तिच्या सासरी, लोधीखेड्यात, कुणाकडे कार्यक्रम असला की मला मागून नेतात, आणि दहा घरच्या भांड्यांच्या ढिगातून मी नाव दाखवत घरी परत येतो. झाकण मात्र गेलं. त्याच्यावर नाव टाकायचं राहिलं होतं.

पोट

रोजचं वरण. पाहुणे आले की भात. बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर. ‘मंगलाच्या गंजातली खीर कधी बुडाला लागत नाही,’ असं बायका म्हणत, आणि मी फुगत असे. पोटाची स्तुती सगळ्यांनी केली.

बूड

बुडाकडे फक्त मंगलाचं लक्ष. रोज दोन वेळा राख, साबण, नारळाची शेंडी. मित्रांनो, मी चकचकीत होत गेलो, याचा मला फार अभिमान होता. ती चकाकी कुणाच्या हातावरून उतरून माझ्यावर येते आहे, हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली.

मंगला शाळेचे गणवेश शिवते. उन्हाळ्यात तिच्या शिलाई मशीनजवळ पांढऱ्या शर्टांचा ढीग लागलेला असतो. या वर्षी एका शर्टाच्या कॉलरवर लाल ठिपका राहिला आणि शर्ट परत आला. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि सांगितलं, ‘मलम देते. पण हे हात साबणाच्या पाण्यात जात राहिले, तर सुई धरणं विसरा.’

घरी सासूबाई, शांताबाई, म्हणाल्या, ‘आमी तं जल्मभर राखेनं घासले. आमच्या हाताले काय झालं?’

मंगलानं दोन्ही हात त्यांच्या मांडीवर ठेवले. शांताबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग मुलाला हाक मारली. ‘शालिक, भांडे घासाची मशीन आन.’

(इथे मला एक पोचा आहे)

तो पोचा शालिकरामचा. मंगलाचा नवरा, नगर परिषदेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला. त्यानं फोनवरच मशीन मागवली. वर लिहिलं होतं, आठ जणांसाठी. ‘आपण पोरं धरून पाच जन,’ तो म्हणाला. ‘तीन जागा पाहुन्यायले.’

मशीन आली. ताटं गेली, वाट्या गेल्या, चमचे तर मजेत गेले. मला त्यानं उभं घातलं, आडवं घातलं, उलटं घातलं. दार लागेना. जोरात ढकललं, आणि पोचा आला. कढई बाहेर, परात बाहेर, कुकर बाहेर. तो आठचा आकडा ताट-वाट्यांचा होता; स्वयंपाकाची भांडी त्यात कुणी मोजलीच नव्हती. त्यातून आमचं पाणी बोअरचं, खारं. ताटंही पांढरे डाग घेऊन बाहेर आली. दिवसभर गावाला पाणी सोडणारा माणूस घरच्या पाण्याचा विचार विसरला होता.

चौथ्या दिवशी मंगला पुन्हा मोरीत बसली. पाचव्या दिवशी दुसऱ्या शर्टावर ठिपका.

तेव्हा तिनं ती मशीन परत पाठवली, आणि मला, कढईला, परातीला पोत्यात घातलं. वर बोअरच्या पाण्याची एक बाटली.

‘हे काय करून राहिली?’ शालिकराम म्हणाला.

‘भांडे दुकानात नेतो. पोतं उचला.’

पुन्हा काठ

सौंसरच्या बसमध्ये आम्ही खणखणत निघालो. कंडक्टर म्हणाला, ‘कोनाचं लग्न आहे, बाई?’

‘अजून ठरलं नाई,’ मंगला म्हणाली. ‘जागा पाहाले चाललो.’

दुकानात वीरेंद्र नावाचा विक्रेता होता. त्यानं पोतं पाहिलं आणि हसू दाबलं. ‘ताई, भांडी कशाला आणली? सांगितलं असतं तर आम्हीच माप...’

‘गंज बसतो का, ते आधी दाखवा. मंग तुमचं सांगा.’

पहिल्या मशीनमध्ये मी बसलो नाही. दुसरीत बसलो, पण परात राहिली. वीरेंद्र म्हणाला, ‘परात हातानं धुवायची, ताई. एकच तर आहे.’

मंगलानं हात पुढे केला. ‘या हातानं?’

वीरेंद्रचं हसू गेलं. तो आत जाऊन चौदा जणांची मशीन उघडून बसला. वरची जाळी त्यानं उचलून काढली. खाली परात उभी राहिली, बाजूला कढई, आणि मी पालथा. दार लागलं. आत अंधार होता आणि मी खूश होतो. मंगलानं बाटली पुढे केली. त्यानं पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि मिठाचा कप्पा दाखवला. खारं, जड पाणी मऊ करायला तो लागतोच.

हीच घ्यायची, असं ठरलं. तेवढ्यात दार उघडून वीरेंद्रनं माझ्यावर टिचकी मारली. ‘ताई, हा जर्मनचा आहे का? मग बसतो तरी यात धुवू नका. मशीनच्या पावडरीनं काळा पडेल.’

सगळं माझ्या मापानं निवडलं होतं, आणि आता मीच नको होतो.

‘सोपं आहे,’ शालिकराम म्हणाला. ‘याले भंगारात देऊ. स्टीलचा घेऊ.’

मंगलानं माझ्या काठावरून बोट फिरवलं. भेगाळलेलं बोट अक्षरांत अडकत अडकत गेलं.

‘मशीन स्टीलच्या भांड्यायले,’ ती म्हणाली. ‘गंज घरीच राहीन. तुम्ही घासान.’

‘मी?’

‘तुमच्या हाताले काय भेगा पडल्या?’

वीरेंद्र मिठाच्या कप्प्यात काहीतरी शोधू लागला. शालिकरामनं स्वतःचे हात पाहिले, जणू आजच दुकानातून मिळाले होते. मग म्हणाला, ‘घासतो. पन राख कुठं ठेवतेस, ते सांगजो.’

झाकण

हा भाग नाही. हरवला आहे, सांगितलंच.

म्हणून, मित्रांनो, उघड्या तोंडानंच सांगतो. तुमच्या घरी अशी मशीन घ्यायची झाली, तर खोक्यावरचा आकडा वाचून घेऊ नका. आधी आपल्या मोरीतला ढीग बघा. त्यातलं सगळ्यात मोठं भांडं दुकानात घेऊन जा, लोक हसले तरी. घरचं पाणी न्या. आणि मशीननं नाकारलेलं जे उरेल, ते कोण घासणार, हे घरी यायच्या आधी ठरवा. तेवढं ठरलं नाही, तर कुठलीच मशीन बरोबर नसते.

जून उजाडला. सगळे शर्ट पांढरे गेले.

आता संध्याकाळी ती मशीन कोपऱ्यात गुरगुरते आणि शालिकराम मला घेऊन मोरीत बसतो. घासतो बरा, पोट चकचकीत करतो, काठ चकचकीत करतो, आणि उठायला लागतो. मागे मंगला कोरडे हात बांधून उभी असते.

‘बुडाकडं राहिलं,’ ती म्हणते.

तो पुन्हा बसतो.