खडूबाईंचे पट्टे

पर्समध्ये कायम खडू आणि दिसेल त्या रस्त्यावर रेघा, म्हणून नगरपालिकेत त्यांना सगळे खडूबाई म्हणत. त्यांना ते आवडायचंही. रस्ते विभागात अठ्ठावीस वर्षं घासल्यावर माणसाला एवढा तोरा शोभतो.

दवाखान्यासमोरचा चौक सुधारण्यासाठी सल्लागार अभियंते नेमायचे होते. छाननीत तीन कंपन्या उरल्या. साहेबांचा कल बड्या कंपनीकडे होता. खडूबाईंनी मात्र जाहीर करून टाकलं, "मुलाखती चौकातच होतील. प्रत्येकाने आमच्या थोरल्या जाऊबाईंना पलीकडे न्यायचं."

"अहो बाई, घरची माणसं बोलवायला आपण सोयरीक जुळवतोय का?"

"त्याहून जोखमीचं काम आहे, साहेब."

दोन वर्षांपूर्वी याच चौकात एका गाडीने जाऊबाईंना उडवलं होतं. पाय बरा झाला, धीर काही परत आला नाही. समोरच्या दवाखान्यात पायाच्या व्यायामाला जायचं तरी सोबत लागे. एके काळी अख्खं घर धाकात ठेवणारी बाई आता कुणाचा तरी हात शोधते, हे खडूबाईंना सलायचं. चौक सुधारला हे कधी म्हणायचं, तर जाऊबाई तो एकट्याने ओलांडतील तेव्हा. बाकी अहवालबिहवाल त्यांच्या लेखी शून्य होते.

ठरल्या दिवशी सकाळी बड्या कंपनीचा माणूस हात वर करून ऐटीत वाहनांपुढे उभा राहिला. वाहनं थांबलीही.

"रोज येणार का तुम्ही?" जाऊबाईंनी विचारलं.

दुसऱ्याने पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "नियमाप्रमाणे इथून चला." जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत.

तिसरी आली ती धुळीने माखलेल्या बुटांची एक अभियंता. तिने हात धरायच्या आधी विचारलं, "ताई, अपघाताच्या आधी तुम्ही कुठून जायचात?"

जाऊबाईंनी काठी बेकरीकडे रोखली. "तिथून. वळून येणारी गाडी तिथून लांबूनच दिसते. पट्ट्यांवरून एकदाच गेले, आणि त्याच दिवशी लागलं."

अभियंता वळणापर्यंत जाऊन, चालकाच्या उंचीला वाकून पाहून आली. "पट्टे चुकीच्या जागी आहेत. वळण संपता संपता दिसतात, तोवर ब्रेक लागत नाही. आखणाऱ्याने नकाशा पाहिला, माणसं नाही पाहिली."

साहेब उगाच खोकले. खडूबाई पुढे झाल्या. गप्प बसणं सोपं होतं, दोन वर्षं जमलंही होतं; आता जमेना.

"ते पट्टे मी आखलेत," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पट्ट्यांवरूनच जा म्हणून ताईंच्या मागेही मीच लागले होते. साहेब, माझे पूर्ण गुण या बाईंना. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. खडूबाईंना जाऊबाईंकडे बघवेना.

"बोललीस एकदाची," जाऊबाई म्हणाल्या. "पट्टे तुझेच आहेत हे दोन वर्षं मला ठाऊक होतं. आण तो खडू."

कुणाचाही हात न धरता, काठी टेकत त्या बेकरीपर्यंत गेल्या. वाकून त्यांनी रस्त्याच्या कडेला एक जाडजूड रेघ ओढली आणि धाकट्या जावेवर डोळे वटारले.

"या वेळी आधी मला विचारायचं, मग आखायचं."