कोदरगढचा टिळा

हॅनोव्हरच्या लिंडन भागात तेव्हा कारखान्यांचा धूर असा असायचा, की सकाळी वाळत घातलेला सदरा संध्याकाळी पुन्हा धुवायला काढावा. तिथं फ्राऊ ल्यूडर्स म्हणून एक विधवा बाई होती. नवरा लढाईत रशियाकडे गेला तो परत आलाच नाही. घराचा वरचा मजला तिनं भाड्यानं दिला होता, आणि साठ सालच्या त्या हिवाळ्यात वर आपली तीन पोरं राहत होती.

एक दिनकर. पुण्याचा, रसायनात डॉक्टरेट करणारा, तोंडानं फटकळ पण मनाचा साफ. दुसरा गोमा वळवी, तळोद्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. स्कॉलरशिपवर डिप्लोमा केला आणि इथं यंत्रांच्या कारखान्यात शिकायला आला. आणि तिसरा जोरावरसिंह. हा कोण, तर राजस्थानातल्या कोदरगढचा युवराज! संस्थान एवढंसं, नकाशात बोटाखाली झाकून जाईल असं, आणि तेही आता सरकारात विलीन झालेलं. पण राजाची पदवी होती, महाल होता, गादी होती. पोरगं मात्र गुणी. कोळशाची बादली तळघरातून वर आणायची पाळी आली तर मुकाट आणायचं. दोघांच्या संगतीत मराठीही बरं बोलायला लागलं होतं.

एकच खोड. जेवायला बसलं की घराण्याचा इतिहास सुरू.

"कोदर भील म्हणजे आमच्या मूळपुरुषाचा जिवाभावाचा चाकर," जोरावर सांगायचा. "लढाईत धन्यासाठी मेला. मरताना म्हणाला, हुकूम, मालक, हा डोंगर, ही जमीन, सगळं तुमचं. म्हणून त्याच्या नावावरून कोदरगढ."

"वा!" दिनकर म्हणायचा. "आमचा घरमालक मरताना नुसतं भाडं वाढवून गेला."

गोमा हसायचा आणि जेवायचा. कारण गोमा स्वतः भील. तळोद्यात वळवी म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ते, पण राजस्थानच्या राजपुताला काय कळणार? दिनकरला वाटायचं, जोरावरला माहीतच असेल. आणि गोमानं आपणहून सांगितलं नाही. का सांगावं? पुण्याच्या होस्टेलात तो 'तो भिल्ल' होता. गावाकडं आजा साहेब-संस्थानिकांच्या शिकारीत हाकारे घालायचा, ढोल बडवत वाघाच्या अंगावर जायचा, आणि फोटोत मात्र वाघ आणि साहेब तेवढे. हॅनोव्हरात गोमा पहिल्यांदा नुसता गोमा होता. ते त्याला फार आवडत होतं.

असं चाललेलं असताना एका रविवारी तार आली.

जोरावरनं वाचली आणि खाटेवर बसला. दिनकरनं कागद हातातून घेतला. आईची तार होती. महाराज गेले. टिळा झाल्याशिवाय उचलता येत नाही. तू नसशील तर टिळा आम्हाला, असं काका म्हणतात. काय करू कळव.

गोमा स्वयंपाकघराच्या दारात कांदा चिरत होता. त्याचा हात थांबला. "टिळ्याचं काय?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडे गादी रिकामी ठेवत नाहीत," जोरावर म्हणाला. आवाज असा की दुसराच कुणी बोलतोय. "जुन्या राजाला उचलायच्या आधी नव्याला टिळा लागतो. तोवर चिता नाही. दाजीराजांना, म्हणजे वडिलांना, अंगणात ठेवलंय. विमानानं निघालो तरी पोचेपर्यंत..."

"अरे, मग इथंच लावू," दिनकर म्हणाला. "माझ्याकडे आईनं दिलेलं कुंकू आहे."

"कुंकवाचा नाही रे. भिलाच्या अंगठ्याच्या रक्ताचा लागतो. त्याशिवाय तो राजाच नाही. जागा कुठलीही चालते. आमचे एक पणजोबा छावणीत खोगिरावर बसून राजे झाले. पण वारस खरा हवा आणि भील खरा हवा. या जर्मनीत मी भील कुठून आणू?"

"कुठून म्हणजे?" दिनकर बोलून गेला. "हा काय, तुझ्यासमोर उभा आहे कांदा घेऊन!"

खाली फ्राऊ ल्यूडर्सचा रेडिओ चालू होता, तेवढाच आवाज. जोरावर गोमाकडे बघत राहिला. वर्षभर एका ताटात जेवलेला माणूस. त्याच्यासमोर आपण कितीदा काय काय बोललो, हे बिचाऱ्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण माणूस घाबरला की जुन्या सवयीवर जातो. त्याच्या तोंडून निघालं ते असं:

"मग लवकर कर, गोमा. अंघोळ कर आणि ये."

गोमानं सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"माझा अंगठा आहे तो," तो म्हणाला. "पोस्टातला शिक्का नाही."

आणि कोट घेऊन जिना उतरून गेला.

गोमा इमे नदीच्या काठावर जाऊन उभा राहिला. नदीच्या कडेला बर्फाची पापडी धरली होती. डोकं तापलं होतं त्याचं. एवढ्या लांब आलो, जर्मन शिकलो, यंत्रं शिकलो, आणि शेवटी राजाला पाहिजे काय, तर भील! आजा हाकारे घालायचा, नातवानं रक्त द्यायचं. वा रे सुधारणा. नाही द्यायचं. काका बसू दे नाहीतर मामा बसू दे.

पण मनात दुसरंही होतं. तिकडं अंगणात एक म्हातारा पडलाय. मेलेल्याला ताटकळत ठेवणं हे भिलातही पाप आणि राजपुतातही पाप. त्या म्हाताऱ्यानं गोमाचं काय केलं होतं? आणि टिळा लावला तर उद्यापासून आपण या घरात कोण? पुन्हा 'तो भिल्ल'? हा काटा जात नव्हता.

मागून पावलं वाजली. जोरावर आला होता. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. नाक लाल.

"मरशील थंडीनं," गोमा म्हणाला. "मग दोघांना एकदम उचलावं लागेल."

जोरावर हसला नाही. "मी चुकलो," तो म्हणाला. "आत्ता चुकलो ते एक, आणि वर्षभर चुकलो ते दुसरं. गोमा, ती गोष्ट खोटी आहे."

"कुठली?"

"कोदरची. खरी गोष्ट घरात फक्त थोरल्या मुलाला सांगतात. दाजीराजांनी मला हत्तीखान्यामागं नेऊन सांगितली होती." तो नदीकडे बघत बोलत होता. "कोदर चाकर नव्हता. तो डोंगराचा राजा होता. आमचा मूळपुरुष मूठभर घोडेस्वार घेऊन पळत आला, त्याला त्यानं आसरा दिला. होळीच्या रात्री आमच्या लोकांनी भिलांना मोहाची दारू पाजली आणि बेसावध असताना कापलं. कोदर मरताना त्यानं आमच्या माणसाचं मनगट धरलं आणि विचारलं, जमीन कोणाची? आमचा माणूस घाबरला. म्हणाला, तुझी. मग कोदरनं आपल्या रक्ताचं बोट त्याच्या कपाळाला लावलं आणि प्राण सोडला."

गोमानं काठावरचा एक दगड पायानं बर्फाच्या पापडीवर ढकलला.

"तेव्हापासून टिळा लावताना भील विचारतो, जमीन कोणाची? आणि राजानं म्हणायचं, कोदरची."

"आणि म्हणता?"

"म्हणतो. पण तेव्हा नगारे इतके बडवतात की शेजारच्यालाही ऐकू येत नाही. माझ्या खापरपणजोबांनी ती पद्धत पाडली." जोरावरचे दात वाजत होते. "नाही लावलास तरी माझं म्हणणं नाही. मी तार करतो, काकांना बसवा, दाजीराजांना मोकळं करा. पण हे तुला सांगितल्याशिवाय तार करवेना."

गोमानं स्वतःचा कोट काढला आणि त्याच्या अंगावर टाकला. रागानंच टाकला, पण टाकला.

"इथं नगारे नाहीत," तो म्हणाला. "मोठ्यानं म्हणशील?"

"म्हणेन."

"आणि तिकडं? तुझ्या दरबारात?"

जोरावरनं कोट घट्ट लपेटून घेतला. लगेच हो म्हणाला असता तर गोमाला ते खरं वाटलं नसतं. "काका उठून जातील," तो म्हणाला. "आणखीही बरेच जातील. पण म्हणेन."

"चल मग. म्हातारा थांबलाय."

घरी आले तर दिनकरनं फ्राऊ ल्यूडर्सला सगळं सांगून टाकलेलं. त्यानं काय सांगितलं देव जाणे, पण बाईनं खालच्या बैठकीत नवऱ्याची आरामखुर्ची मधोमध ओढली होती. खुर्चीवर सहसा कुणाला बसू द्यायची नाही ती.

"राजाला चालेल का ही?" तिनं विचारलं.

"अगदी! उत्तम चालेल," दिनकर म्हणाला.

"पण रक्त म्हणालात तुम्ही. गादीला डाग पडला तर निघत नाही." म्हणून तिनं खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. तर कोदरगढचे महाराज फुटबॉलच्या बातम्यांवर बसले. अक्षता म्हणून खिरीचे तांदूळ आणले. तलवार नव्हती, गोमानं दाढीचं पातं विस्तवावर धरून घेतलं.

अंगठ्याला पातं लावताना त्याला आजाचा चेहरा दिसला, ढोल गळ्यात अडकवलेला. मग त्यानं अंगठा जोरावरच्या कपाळाला टेकवला आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. तसं कर असं जोरावरनं सांगितलं नव्हतं, आपोआपच झालं.

"जमीन कोणाची?" गोमानं विचारलं.

"कोदरची," जोरावर म्हणाला. "कोदरची!" पुन्हा म्हणाला, एवढ्या जोरात की वरच्या काचा हलल्या असतील. आणि मग बापासाठी रडायला लागला. तोपर्यंत रडला नव्हता. फ्राऊ ल्यूडर्सनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बरं झालं. निदान त्याला माहीत तरी आहे, बाप कुठे आहे ते."

दिनकर धावत पोस्टात गेला. तारेत लिहिलं, टिळा झाला, भील खरा, दाजीराजांना निरोप द्या. दुसऱ्या दिवशी जोरावर फ्रँकफुर्टच्या गाडीत बसला. गोमाचा कोट अंगात तसाच घेऊन.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. दिनकर म्हणायचा, "राजा झाला म्हणजे गेला तो. तू आता नवा कोट घे." गोमा कारखान्यात जायचा, यायचा. पण घरात तो पुन्हा 'तो भिल्ल' झाला नव्हता, हे मात्र खरं. उलट फ्राऊ ल्यूडर्स त्याला कधी कधी म्हणायची, "या, तुमच्याशिवाय राजे होत नाहीत म्हणे."

एप्रिल उजाडला, झाडांना पालवी आली, आणि एका दुपारी जोरावर दारात उभा. परीक्षा राहिली होती ना त्याची! वाळला होता. कोट धुऊन, घडी करून आणला होता.

"बोललास का?" गोमानं आधी तेच विचारलं. रामराम नंतर.

"आत तर येऊ दे त्याला," दिनकर ओरडला.

जोरावर बसला, चहा घेतला आणि सांगायला लागला. रीतसर टिळ्यासाठी पुन्हा दरबार भरला. नगारे वाजायला लागले तसा त्यानं हात वर केला. थांबा. काका उठून गेले. टिळ्याचा मान असलेला म्हातारा भील अंगठा धरून उभा. "विचारा, बा," जोरावर म्हणाला. तर म्हातारा बघतच राहिला.

"त्याला माहीतच नव्हतं!" जोरावर म्हणाला. "त्याच्या बापानं नगाऱ्यात नुसते ओठ हलवले, त्यानंही आयुष्यभर ओठ हलवले. शब्द कधीच बुडाले होते. मीच वाकून त्याच्या कानात सांगितलं, काय विचारायचं ते."

"मग?" गोमा पुढे सरकला.

"मग त्यानं विचारलं. मी सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. आणि म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही! म्हणाला, कोदरची, तर मग आम्हाला जंगलातलं वाळलेलं लाकूड का तोडू देत नाहीत?"

दिनकर खो खो हसला. गोमा नाही. "तू काय म्हणालास?"

"जंगल आता सरकारचं आहे, माझ्या हातात नाही. तसं सांगितलं. तो म्हणाला, कपाळ तर तुझ्या हातात आहे ना? ते घेऊन जयपूरला जा. दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याला बरोबर नेलं. साहेब म्हणाले, बघतो. अजून बघतायत. पण गोमा, तो तुझ्यावर रागावलाय."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"पहिला टिळा तू लावलास ना. त्याचा मान घेतलास. निरोप दिलाय. म्हणाला, त्या खानदेशच्या पोराला सांग, टिळा लावून मोकळा होऊ नकोस. लावलास तर आता विचारायलाही ये. मी म्हातारा झालो, राजाला प्रश्न विचारायला एक माणूस कमी पडतो."

गोमानं कोट खुंटीला लावला. मग वळला.

"सुट्टी उन्हाळ्यात मिळते," तो म्हणाला. "आधी तळोद्याला जाईन आईकडं. मग येतो म्हणून कळव त्यांना. आणि तुमचं ते लाकडाचं काय, साहेबाला काय लिहून दिलंय, ते सगळं आत्ता सांग. सुरुवातीपासून."