खुर्ची रिकामी नाही

मी एका शब्दात बाईंना मारलं. तेही रविवारी सकाळी, चर्चच्या छापील पत्रकात, सगळ्या गावासमोर. आणि बाई तिकडे चाळीस मैलांवर, नवा खुबा बसवून, उशीला टेकून हिरवी जेली खात होत्या.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही मलाच दोष द्याल. द्या म्हणा. चूक माझीच आहे, पण निम्मी.

आमच्या चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर म्हणजे आर्डिसबाई. एकतीस वर्षं झाली. त्याआधी त्या शाळेत इंग्रजीच्या बाई होत्या आणि तिसऱ्या बाकावर मी होते. आता मी त्रेसष्टची आहे, मला तीन नातवंडं आहेत, तरी बाई समोर आल्या की माझा हात आपोआप स्कर्ट खाली ओढतो. त्यांच्या पदाचं नाव ‘किचन चेअर’, म्हणजे स्वयंपाकघराच्या प्रमुख. म्हणायला खुर्ची, पण त्या स्वयंपाकघरात बसायला साधं स्टूल नाही. “बसलेली बाई बटाटे सोलत नाही, गप्पा सोलते,” असा बाईंचा कायदा. एकदा मी मैद्याच्या डब्यावर टेकले होते, तर त्यांनी डबाच ओढून घेतला.

ऑक्टोबरात अंगणातली पानं गोळा करताना बाई घसरल्या आणि खुबा मोडला. स्ट्रेचरवरून त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली आणि म्हणाल्या, “मर्ना, मी येईपर्यंत सांभाळ. आणि लोणी जाळू नकोस.” नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमचं लुटफिस्कचं, म्हणजे खारात भिजवून फुगवलेल्या सुक्या माशाचं, जेवण असतं. तीनशे पानं उठतात. बाईंनी दवाखान्यातून चार पानी सूचना पाठवल्या. त्यात नॅपकिनची घडी कशी घालायची इथपासून सगळं होतं. फक्त मासा उकळत्या पाण्यातून नेमका कधी काढायचा, ते नव्हतं. तो मासा एवढा नाजूक की अर्धं मिनिट आधी काढला तर रबर, अर्धं मिनिट नंतर काढला तर खळ. ती वेळ बाईंच्या डोक्यात होती आणि डोकं चाळीस मैलांवर.

असो. चर्चच्या मंडळानं मला तात्पुरतं नेमलं आणि ऑफिसातल्या पेगनं पत्रकात छापलं: ‘अ‍ॅक्टिंग किचन चेअर, मर्ना हौगन’.

झालं! कॉफीच्या वेळी माझा नवरा हार्लन चमच्यानं कप वाजवत उभा राहिला. “शांतता, शांतता! आता मर्ना आपल्याला स्वयंपाक येत असल्याची अ‍ॅक्टिंग करून दाखवणार आहे.” सगळे खो खो हसले. मग काय, जो उठेल तो तेच. “मर्ना, सूप बरंय गं, पण अभिनय जरा कमी पडला.” “मर्ना, कांदा न कापता रडून दाखव ना!” पास्टरसुद्धा हसले, आणि त्यांना विनोद कळायला साधारण बुधवार उजाडतो.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी हार्लनला म्हटलं, “हसलास ना? आता तो डिक्शनरीचा ठोकळा काढ आणि मला दुसरा शब्द शोधून दे. नाहीतर जेवायची अ‍ॅक्टिंग कर.”

बिचारा बसला चष्मा लावून. “सब्स्टिट्यूट?”

“शाळेत सब आला की आपण काय करायचो? कागदाचे बोळे मारायचो. नको.”

“टेम्प?”

“तो एजन्सीतून येतो आणि दुसऱ्याच्या कपातून कॉफी पितो.”

“स्टँड-इन?”

“लग्नाच्या तालमीत नवरी वेळेवर आली नाही की उभी करतात ती. माझी बहीण होती एकदा. अजून कुणी मागणी घालायला आलं नाही तिला.”

“केअरटेकर?”

“तो स्मशानातलं गवत कापतो, हार्लन!”

“प्रो टेम.”

“हे गॅसवरचं औषध वाटतंय.”

“मग राहिलं इंटरिम,” हार्लन म्हणाला आणि त्यानं डिक्शनरी मिटली.

इंटरिम! मला एकदम पटलं. आमच्याकडे पूर्वी एक इंटरिम पास्टर आले होते. चौदा महिने होते. पहिली ताटली त्यांना, दाराजवळची पार्किंगची जागा त्यांना, आणि त्यांची अ‍ॅक्टिंग काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ते कुणाच्या जागी आले होते, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. म्हातारे पास्टर देवाघरी गेले होते, त्यांच्या जागी.

मी लगेच पेगला फोन लावला. पेग चांगली आहे हो, पण ऐकते अर्धं आणि रडते पूर्ण. म्हटलं, “पेग, ते अ‍ॅक्टिंग काढ आणि माझ्या नावापुढे इंटरिम घाल.”

 पलीकडून बारीक आवाजात ती म्हणाली, “अरे देवा! कधी?”

“कधी म्हणजे काय? आत्ता!”

“फार त्रास झाला का गं?”

“झाला तर काय! पण आता सुटले बाई एकदाची.”

मी म्हटलं ‘सुटले बाई’. पेगनं ऐकलं ‘सुटल्या बाई’. आणि तिनं हुंदका देऊन फोन ठेवला. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

रविवारी पत्रक निघालं: ‘इंटरिम किचन चेअर, मर्ना हौगन’. त्या दिवशी माझी कुणी थट्टा केली नाही. उलट येणारा जाणारा माझा हात दाबत होता. “धीर धर, मर्ना.” मी मनात म्हटलं, बघा, शब्दात किती वजन असतं! पास्टरांनी तर मला स्वतः कॉफी आणून दिली. ती मी ऐटीत प्यायले.

सोमवारी दुपारपर्यंत बाईंच्या बंद घराच्या दारात नऊ हॉटडिश येऊन पडल्या. आमच्याकडे कुणी गेलं की आधी बटाटे आणि खिम्याची हॉटडिश ओव्हनमध्ये जाते, मग डोळ्यांत पाणी येतं. थंडीनं नऊच्या नऊ दगडासारख्या गोठल्या. आणि मंगळवारी पेगनं, बाईंना शस्त्रक्रियेनंतर ठेवलं होतं त्या खुब्यावाल्यांच्या केंद्रात फोन केला, अंत्यविधीला प्रार्थना कोणती ठेवायची ते नातेवाइकांना विचारायला. फोन बाईंच्या खोलीत जोडला गेला.

“आर्डिसबाईंच्या घरचं कुणी बोलतंय का?”

“स्वतः मयत बोलतेय,” बाई म्हणाल्या. “काय हवंय?”

पेगला त्या दिवशी पाणी शिंपडून उठवावं लागलं.

मी बुधवारी सकाळी गाडी काढली. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात ते पत्रक होतं आणि माझ्या नावाभोवती लाल पेनचं वर्तुळ.

“बाई, अहो मी—”

“उभी राहा.” मी उभीच होते, तरी आणखी उभी राहिले. “अ‍ॅक्टिंग म्हणजे काय, मर्ना?”

“तात्पुरतं, बाई.”

“आणि इंटरिम?”

“तेही तात्पुरतंच की.”

“शून्य मार्क! अ‍ॅक्टिंग म्हणजे खुर्ची माझी, मी जरा बाहेर गेलेय, तू तेवढ्यापुरती बसलीस. इंटरिम म्हणजे खुर्ची रिकामी. मालक गेला, नवा मिळेपर्यंत कुणीतरी टेकलंय. चार वर्षं शिकवलं तुला! माझी खुर्ची रिकामी आहे?”

“नाही हो बाई! मला फक्त थट्टा नको होती.”

“थट्टा नको म्हणून मला मारलंस? आणि स्पेलिंग बघ. एक आय खाल्लास. मेले तेही चुकीच्या स्पेलिंगनं!”

“ते पेगनं—”

“माझी खुर्ची रिकामी वाटते ना सगळ्यांना? मग सांभाळा तुम्हीच. मी येणार नाही. या शनिवारी नाही आणि नंतरही नाही.”

मला हसावं की रडावं कळेना. “बाई, मासा कधी काढायचा ते तरी सांगा.”

“डिक्शनरीत बघ,” म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

गाडीत बसून मी ढसाढसा रडले, खरंच सांगते. माझी आई गेली तेव्हा बाईंनी मला आठवडाभर रोज कामाला बोलावून नुसते बटाटे सोलायला लावले होते. एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या आठवड्यातून मी त्या बटाट्यांमुळे बाहेर आले. आणि मी त्यांना काय दिलं? तर नऊ हॉटडिश.

पेगला म्हटलं, चूक दुरुस्त कर, ताबडतोब. तिनं शुक्रवारी खास पत्रक काढून दारोदार वाटलं. त्यात छापलं होतं: ‘आर्डिसबाई जिवंत आहेत. याबद्दल मर्ना हौगन मनापासून दिलगीर आहेत.’

हार्लन ते वाचून जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

शनिवार उजाडला. तळघरात वाफ, दारात रांग, लेफ्साच्या पोळ्यांचे ढीग, पातेलंभर लोणी वितळलेलं, न जळलेलं. माझ्या एप्रनवर पेगनं नावाची पट्टी लावली होती, त्यावर तोच शब्द, इंटरिम. मला काढायचं भान नव्हतं. पहिली खेप उकळत्या पाण्यात सोडली आणि मी घड्याळाकडे बघत राहिले. आता काढू? का थांबू?  बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी माशाच्या तोंडाकडे, ज्याला तोंड नव्हतं.

“काढ!”

दारात बाई. वॉकर धरून, कोट घालून, पांढऱ्याफटक. मागे केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर, घाबरलेला. मी जाळी उचलली. मासा पांढरा, थरथरता, अगदी जसा हवा तसा. पेग किंचाळली, पण तिचं सोडा.

“बाई, तुम्ही येणार नव्हता ना?”

“तुमच्या हातचा रबर खाऊन लोकांनी मला नावं ठेवली असती. मेल्यावर माणसाची अब्रू फार नाजूक असते.” बाई वॉकर ढकलत माझ्याजवळ आल्या. मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल असं बोलल्या. “डॉक्टर म्हणतात, फरशीवर तासन्‌तास उभं राहायचं नाही. आता कधीच नाही. त्यांनी सोमवारी सांगितलं, आणि मंगळवारी तुझं पत्रक हातात आलं. शब्द बरोबर होता, मर्ना. म्हणून तर मला एवढा राग आला.”

 एकतीस वर्षांत त्या स्वयंपाकघरात त्या बाईला मी बसलेलं पाहिलं नव्हतं. मी जेवणाच्या हॉलमध्ये गेले, एक लोखंडी घडीची खुर्ची उचलली, आणली आणि चुलीशेजारी धाडकन उघडली.

“हे काय?” बाई म्हणाल्या. “इथे कुणी बसत नाही.”

“पदाचं नाव काय आहे, बाई? तुम्हीच शिकवलंत. शब्द नीट वाचा.”

बायकांनी हातातली कामं थांबवली. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग हळूच, वॉकर सोडून, माझ्या खांद्यावर भार टाकून बसल्या. बसल्या बसल्या पेगला ओरडल्या, “नॅपकिन! ही घडी आहे का चुरगळा?” आणि स्वयंपाकघर पुन्हा सुरू झालं.

तीनशे सात पानं उठली. प्रत्येक खेपेला खुर्चीतून “काढ!” आणि प्रत्येक खेपेला मी काढत गेले.

शेवटची ताटली गेल्यावर बाईंनी मला वाकायला सांगितलं. पर्समधून लाल पेन काढलं, माझ्या एप्रनवरच्या पट्टीवर काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं: अ‍ॅक्टिंग.

“मी या खुर्चीत आहे तोवर हा शब्द,” म्हणाल्या. “कुणी थट्टा केली तर माझ्याकडे पाठव.”

“आणि मग, बाई?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“मग तो दुसरा. पण त्या दिवशी स्पेलिंग तू स्वतः लिही, पेगवर सोडू नकोस. दोन आय असतात.”